हैतीतल्या बायकांची गाणी, तेलं, आंघोळी आणि सिनेमे : कुणी ऐकलंय, बघितलंय का?

ओसरी (६ जानेवारी)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ८१, आणि दिवसा त्यांच्या सोबतीला, आंघोळ घालायला एक हैतीच्या बाई येतात. दोन वर्षं झाली. आईंचं इंग्रजी जेमतेम, त्या बाईंचं निम्मं क्रेओल (हैतीची भाषा), तरी दोघींचं इतकं मेतकूट जमलंय की मी ऑफिसमधून आले तर मलाच पाहुणी आल्यासारखं वाटतं.

तर सुरुवात झाली तेलापासून. त्यांनी एकदा आईंच्या डोक्याला लावायला म्हणून घरून एक काळपट तेलाची बाटली आणली, झाकण उघडल्यावर भाजल्यासारखा वास. मी विचारलं काय हे, तर म्हणे ल्विल मास्क्रिती. आईंनी बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, अगं हे एरंडेल आहे, कुणीतरी करपवलंय. आणि खरंच की! एरंडाच्या बिया आधी काळ्या होईपर्यंत भाजायच्या, मग कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर येणारं तेल काढून घ्यायचं, म्हणून ते काळं. केसांना, सांध्यांना, बाळाच्या टाळूला, बाळंतिणीच्या पोटाला, सगळ्याला तेच.

वेणी घालताना त्या एक अंगाईसारखं काहीतरी गुणगुणतात. अर्थ विचारला तर म्हणाल्या, झोप नाहीतर खेकडा येऊन खाईल तुला, आई नदीवर गेली, बाबा खेकडे पकडायला गेले. ८१ वर्षांच्या बाईला अंगाई. आई डोळे मिटून बसतात पण.

परवा १ जानेवारीला डबाभर सूप घेऊन आल्या, लाल भोपळ्याचं, त्यात मांस, कोबी, बटाटा, मॅकरोनी. सूप जुमू. हैती १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाला, आणि गुलामांना हे सूप शिजवावं लागायचं पण खायला मिळायचं नाही, म्हणून आता त्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायचं. (आई शाकाहारी, त्यांच्यासाठी वेगळं बिनमांसाचं केलं होतं, वेगळ्या डब्यात!!)

तेव्हापासून मी नेटवर शोधत सुटलेय. वूडूच्या, म्हणजे तिथल्या लोकधर्माच्या, नावाखाली भुताटकीचा कचरा भरपूर मिळतो. मला हवंय ते त्या बायकांचं, त्यांनी स्वतः गायलेलं, दाखवलेलं. कुणाला काही माहीत आहे का?

बटाटेवडा७

हैती म्हणजे ते बाहुलीला टाचण्या टोचणारे ना 😄 ताई जपून, डोक्याला काय चोळतात बघा.

तंबोरा_तुटका

@बटाटेवडा७, टाचण्यांची बाहुली ही हॉलिवूड आणि टुरिस्ट दुकानांची कृपा. आपल्याकडे साप आणि गारुडी एवढंच दिसणाऱ्या साहेबासारखं झालं हे. असो.

ओसरीताई, तुम्ही नेमकं माझ्या आवडीचं विचारलंत, त्यामुळे मोठा प्रतिसाद, चहा घेऊन बसा.

पहिलं नाव नॅथली जोआकिम. बासरीवादक आणि गायिका, अमेरिकेत वाढलेली, घरचे मूळचे दक्षिण हैतीतल्या दांतां गावचे. तिचा २०१९ चा अल्बम आहे "फाम द'आयिती", म्हणजे हैतीच्या बायका. सोबत शिकागोचं स्पेक्ट्रल क्वार्टेट आहे, म्हणजे व्हायोलिन-व्हायोला-चेलोवाले, आणि त्या सुरावटीत मधेच तिच्या आजीचा आवाज येतो, मधेच गावातल्या मुलींचा कॉयर. ग्रॅमीचं नामांकनही मिळालं होतं. पण मला त्यातली कल्पना जास्त आवडते: तिने हैतीच्या आधीच्या गायिका शोधून काढल्या, काहींना भेटली, त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ते बोलणंच गाण्यात विणलं. म्हणजे अल्बम ऐकताना कुणीतरी पडवीत बसून जुन्या गोष्टी सांगतंय आणि आत स्वयंपाकघरात गाणं चालू आहे असं वाटतं. २०२४ मध्ये पुढचा आला, "की मून ऊ ये". शब्दशः तू कोण, पण गावाकडे विचारतात तसं, कुणाची गं तू?

आता त्या आधीच्या बायका. एमेरांत द प्रादिन, जन्म १९१८, गेल्या २०१८ मध्ये, जवळजवळ शंभरी. वडील कांजो नावाने गाजलेले गीतकार-गायक. बाईंनी व्होडूची (वूडू तो हाच) गाणी उजळ माथ्याने स्टेजवर आणि रेडिओवर म्हटली, आणि हे कधी, तर १९४१-४२ मध्ये चर्चने अंधश्रद्धाविरोधी मोहीम काढून गावोगावचे ढोल आणि देव्हारे जाळले होते त्याच्या आगेमागे. चांगल्या घरातली मुलगी ही गाणी म्हणते म्हणजे केवढा गहजब झाला असेल विचार करा. व्होडूला कायद्याने धर्म म्हणून मान्यता मिळायला २००३ उजाडलं.

दुसऱ्या तोतो बिसांत. जन्म काप-हैतियांचा, १९३४. पॅरिसमध्ये १९५६ साली कृष्णवर्णीय कलाकारांची ले ग्रियो ही नाटक कंपनी काढणाऱ्यांत ह्या होत्या. १९७७ च्या तबकडीवर त्यांनी शेतातली, पूजेतली गाणी घेतलीत आणि त्यांचा आवाज असा की कुणीतरी अंधारात आपल्यालाच हाक मारतंय. रात्री एकटं ऐकू नका, झोप लागत नाही (अनुभव आहे).

तिसऱ्या मार्था जाँ-क्लोद. १९५२ मध्ये एका नाटकावरून सरकारने तुरुंगात टाकलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. सुटल्यावर क्युबाला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. हंबेर्तो सोलास ह्या क्यूबन दिग्दर्शकाने १९७४ मध्ये "सिंपारेले" नावाचा छोटा सिनेमा केला, हैतीचा इतिहास गाण्या-नाचातून, आणि त्यात मध्यभागी मार्थाबाई. तुम्हाला संगीत आणि सिनेमा एकत्र हवं असेल तर इथून सुरू करा.

ओसरी

बाप रे, खजिनाच. तंबोरादादा दंडवत. आज रात्रीच लावते. तोतोबाई दिवसा ऐकेन.

सुगंधा_मॉन्त्रियाल

मी इथे मॉन्त्रियालला बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे, हैतीची वस्ती इथे खूप मोठी, त्यामुळे आंघोळीचं मी सांगते.

बाळंतपणानंतर तीन टप्प्यांच्या आंघोळी असतात. सुरुवातीचे दिवस पाला टाकून उकळलेलं कडकडीत पाणी. मग काही दिवस उन्हात तापवलेलं पाणी, त्यातही पाला. आणि महिना होत आला की शेवटची गार पाण्याची, त्याने हाडं आणि कातडी परत आवळून येतात म्हणे. तोपर्यंत गार वाऱ्याची भयंकर धास्ती. गारठ्याला ते फ्रेदी म्हणतात, बाळंतीण म्हणजे सगळी सांधी उघडी पडलेली बाई, त्यातून फ्रेदी आत शिरतो. म्हणून डोक्याला रुमाल, पायात मोजे, पोट घट्ट बांधलेलं. काही पांढरे पदार्थ वर्ज्य. पहिल्यांदा एका पेशंटच्या आईने मला खिडकी बंद कर म्हणून झापलं तेव्हा मला माझ्या आजीचीच आठवण झाली, तीच शेगडी, तोच कानात कापूस.

माझ्या सोबतच्या इथल्या नर्सेसना वाटायचं की ही बाई आंघोळ करत नाही म्हणजे डिप्रेशन असेल, फाइलमध्ये तशी नोंदही व्हायची. मग मी सांगायचे की अगं ती पाल्याची वाट बघतेय, तिची मावशी घरी पाणी तापवून बसलीय. हे करणाऱ्या बायका म्हणजे आई, मावशी, नाहीतर फाम्साज, म्हणजे सुईण. बाळंतिणीने महिनाभर फक्त पडायचं आणि दुसऱ्यांनी तिला धुवायचं, तिला खाऊ घालायचं. इथे मुली एकट्या येतात, दहाव्या दिवशी कामावर. त्यांना आंघोळ कोण घालणार? एकीने मला विचारलं होतं, तुमच्या दुकानात आसोवोसी मिळतं का. फोटो दाखवला तर आपलं कारलं! तिला फळ नको होतं, पाला हवा होता.

डॉ_काढा

छान माहिती. थोडं पाणी ओततो, रागावू नका.

एरंडेल डोक्याला, सांध्याला लावा, काही हरकत नाही. पण हैतीत नवजात बाळाला पोट साफ व्हायला एरंडेल घातलेलं लॉक नावाचं चाटण देतात, आणि आपल्याकडेही कुठे कुठे अजून एरंडेल चाटवतात. दोन्ही करू नका. नवजात बाळाला आईचं दूध, बस. गरोदरपणीही एरंडेल पोटात घेऊ नये. आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर टाके असलेली बाई बसवू नये. कारल्याचा पाला अंगाला ठीक, गरोदर बाईने पोटात घेऊ नये. संपलं, आता गाणी लावा.

मिठागर

खेकडा येऊन खाईल ही धमकी आमच्याकडे गोव्यात चालणार नाही, पोर म्हणेल कधी येतोय, हळद-मीठ लावून ठेवतो 😀

अवांतर : हैतीच्या दक्षिणेला जेरेमीकडे तोम्तोम करतात, नीरफणस उकडून मोठ्या लाकडी उखळात बायका कुटतात आणि भेंडीच्या कालवणात बुडवून न चावता गिळायचा. भेंडीला म्हणतात कालालू. कुटण्याच्या तालावर गाणी असतात हे वेगळं सांगायला नको. नीरफणस आमच्या परसात आहे, पण असा गिळण्याचा प्रकार मी करून बघितला आणि बायकोने पाठीत धपाटे घातले.

फिल्मीकीडा

सिनेमावर मी बोलतो, कारण इथे मला थोडं भांडायचंय.

हैतीतल्या विधींवर सिनेमा म्हटलं की सगळे माया डेरेन ह्या अमेरिकन दिग्दर्शिकेचं नाव घेतात. बाई मोठी आहे, प्रश्नच नाही. १९४७ ला गुगेनहाइम फेलोशिप घेऊन गेली, १९५४ पर्यंत येत-जात चित्रीकरण केलं, सिनेमा स्वतः पुरा केलाच नाही, १९६१ ला गेली, आणि मग तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या नंतरच्या बायकोने ते फुटेज जोडलं, ते १९८५ मध्ये बाहेर आलं. त्याच्या आधी १९३५-३६ मध्ये कॅथरिन डनहॅम ही नर्तकी गेली होती, तिने स्वतः दीक्षाच घेतली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात ॲलन लोमॅक्स हा लोकगीतं जमवणारा अमेरिकन रेकॉर्डिंगचं जडशीळ मशीन घेऊन गेला, त्याची तबकड्यांची पेटी २००९ मध्ये आली, दहा सीडी, त्यात पोरींची खेळगाणीसुद्धा आहेत.

पण गंमत बघा. डेरेनच्या पुस्तकात एर्झुली फ्रेदा ही देवी अंगात येते त्याचं वर्णन आहे, आणि त्यात सगळ्यात सुंदर भाग कुठला, तर तिचं न्हाणं-नटणं. तिच्यासाठी कोरं घंगाळ, न उघडलेला साबण, नवा टॉवेल, कंगवा, अत्तर, आणि ती इतकी लाडावलेली की जगात तिला पुरेल एवढं काहीच नाही, म्हणून शेवटी रडत बसते. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या अंगात ही येते आणि सगळा गाव तिची उस्तवार करतो! आता सिनेमात जा आणि बघा, ढोल, घुमणं, कोंबडा, बकरा. ते न्हाणं कुठेय? कॅमेऱ्याला जे हलतं-नाचतं ते आवडतं. कुणीतरी कुणाचे केस विंचरतंय ह्याला फुटेज कोण खर्च करणार, तेही त्या काळी.

त्यामुळे मला २०२१ चा "फ्रेदा" बघताना धक्का बसला. दिग्दर्शिका जेसिका जेनेउस, हैतीचीच, सिनेमा क्रेओलमध्ये, कान फिल्म महोत्सवात अँ सर्तें रगार विभागात होता. पोर्तोप्रिन्सच्या, म्हणजे हैतीच्या राजधानीतल्या, एका गल्लीत आई छोटं दुकान चालवते, फ्रेदा कॉलेजात, बहीण एस्तेर श्रीमंत नवरा शोधतेय, बाहेर मोर्चे. नाव देवीचं, पण आई चर्चवाली, आणि देव-देवी ह्यावरून घरातल्या घरात जो ताण आहे तो बाहेरच्या माणसाला दाखवताच येणार नाही. एकही माणूस आपल्याला काही समजावून सांगत नाही. नक्की बघा.

सुगंधा_मॉन्त्रियाल

+१००. मी "फ्रेदा" थिएटरात बघितला, आजूबाजूला सगळ्या हैतीच्या बायका, आणि आईच्या वाक्यांवर अख्खं थिएटर हसत होतं, सबटायटल वाचणारे आम्ही चार जण अर्धा सेकंद उशिरा.

घाटमाथा

माझी भर दोन माहितीपटांची.

एक "मादान सारा", २०२०, एताँ द्युपँ ह्याने केलाय, त्याची आई स्वतः ह्याच धंद्यातली. मादान सारा म्हणजे शेतातला माल विकत घेऊन डोंगर उतरून शहराच्या बाजारात आणणाऱ्या बायका, सगळं पोर्तोप्रिन्स त्यांच्या जिवावर जेवतं. नाव पडलंय एका पक्ष्यावरून, थव्याने येणारा, प्रचंड कलकलाट करणारा. मी पक्षीवाला माणूस, शोधलं तर तो निघाला आपल्या सुगरणीचा सख्खा चुलतभाऊ, आफ्रिकेतून तिथे पोचलेला, तसाच लोंबता खोपा विणणारा. आपण तसल्याच पाखराला सुगरण म्हणतो आणि बाईला शाबासकी देतो, ते म्हणतात मादान सारा आणि त्यात थोडी शिवीही आहे, थोडं कौतुकही. बाजारांना आगी लागतात, रस्त्यात टोळ्या अडवतात, तरी ह्या निघतात.

दुसरा "पोतो मितां", २००९, कारखान्यात-बाजारात राबणाऱ्या पाच जणींचा, निवेदनाला एडविज दांतिका ही लेखिका. पोतो मितां म्हणजे व्होडूच्या मंडपातला मधला खांब, ज्याच्यावरून देव खाली उतरतात. हैतीत बायकांना पोतो मितां म्हणतात.

ओसरी

किती छान शब्द आहे, खांब!

रानजाई

छान कसला? (ओसरी, तुझ्यावर राग नाही गं.) खांबाला कुणी बस म्हणत नाही. तिथल्या स्त्रीवादी बायकाही ह्या शब्दाकडे संशयानेच बघतात. १९३४ मध्ये मादलेन सिल्वँ आणि इतर जणींनी पहिली संघटना काढली, १९५० मध्ये मताचा हक्क कागदावर मिळाला, प्रत्यक्ष मत टाकायला १९५७. ३ एप्रिल १९८६ ला, हुकूमशहा ड्यूव्हालिए पळाल्यावर दोनच महिन्यांत, हजारो बायका रस्त्यावर आल्या. आणि १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात त्यांच्या तीन नेत्या एका दिवसात गेल्या, मिरियाम मेर्ले, मागाली मार्सलँ, आन मारी कोरियोलां. मागालीने मार खाणाऱ्या बायकांसाठी काय फाम ही संस्था काढली होती, म्हणजे बायकांचं घर. आपण इथे पाला आणि तेल करतोय ते ठीकच, पण बाई घरात मार खात असेल तर तिला तेलाआधी दार लागतं, आणि ते दार उघडणं हीसुद्धा शुश्रूषाच ना.

अजून एक. १८०६ च्या ऑक्टोबरात देसालीनला, म्हणजे देश स्वतंत्र करणाऱ्यालाच, पाँ-रूजला मारलं, देहाचे तुकडे करून रस्त्याने ओढलं. कुणी हात लावेना. देफिले नावाची एक बाई, लोक तिला वेडी म्हणायचे, तिने ते तुकडे पोत्यात गोळा केले आणि दफनाला नेले. तिच्यावर गाणी आहेत, नाटकं आहेत. सगळे शहाणे घरात बसले होते तेव्हा.

तंबोरा_तुटका

रानजाई, हा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहावंसंच वाटलं नाही.

"फेय ओ" नावाचं एक जुनं गाणं आहे, फेय म्हणजे पान. पोर आजारी पडलंय, आई वैदूकडे, म्हणजे गांगांकडे, धावतेय आणि पानांना म्हणतेय वाचवा मला. पोराला नाही, *मला*. इतक्या जणांनी गायलंय की मोजदाद नाही. सुगंधाताईंचा पाला आणि हे गाणं एकच आहे हे मला इतकी वर्षं ऐकूनही कळलं नव्हतं, मी आपला ताल मोजत बसायचो. झाडपाल्याचा देव पापा लोको, त्याची बायको आयिझान ही पहिली मामबो, म्हणजे पुजारीण, आणि बाजाराची राखणदारही. पाला, पूजा, बाजार एकाच घरात.

आणि लेला मकॅला राहिलीच, चेलो वाजवते, २०२२ चा तिचा अल्बम रेडिओ हैतीच्या जुन्या ध्वनिफितींवर उभा आहे. त्या फिती आता ड्यूक विद्यापीठात आहेत. ते केंद्र चालवणारे जाँ दोमिनिक ह्यांना २००० साली गोळ्या घातल्या, नंतर त्यांची बायको मिशेल मोंतास हिने केंद्र सांभाळलं.

फिल्मीकीडा (१७ जुलै)

धागा वर काढतोय. काल १६ जुलै होता, हैतीतल्या सो-दो धबधब्याच्या जत्रेचा दिवस. माउंट कार्मेलची मेरी आणि एर्झुली दोघींच्या नावाने लोक धबधब्याखाली जायचे, कलबाशाच्या तुंब्याने पाणी घेऊन पाल्याने एकमेकांची अंगं चोळायचे, जुने कपडे पाण्यात सोडून नवे घालायचे. धबधबा १८४२ च्या भूकंपात तयार झाला म्हणतात. ह्याचं फुटेज भरपूर आहे, फोटोग्राफरांची तिथे रांग असायची. २०२५ च्या मार्चअखेर शेजारच्या मिरबालेवर टोळ्यांनी हल्ला केला आणि सो-दोही त्यांच्या हातात गेलं. त्याच वर्षी जुलैत पोर्तोप्रिन्सचं ओलोफसन हॉटेल जाळलं, जिथे एमेरांतबाईंचा मुलगा रिचर्ड मोर्स आपला बँड घेऊन वर्षानुवर्षं दर गुरुवारी वाजवायचा.

ओसरी (२३ ऑगस्ट)

मंडळी, खूप दिवसांनी. तुम्ही सांगितलेलं जवळजवळ सगळं ऐकलं-बघितलं. आणि एक कबुली द्यायचीय.

मी उत्साहाने आमच्या बाईंना जोआकिमचा अल्बम लावून दाखवला. त्यांनी दोन गाणी ऐकली, छान आहे म्हणाल्या आणि मग फोनवर तबू कोंबो ह्या हैतीच्या बँडचं कोंपा लावून दिलं, हे नाचायचं असतं म्हणाल्या. मग मी शहाणपणा करून एर्झुलीचं विचारलं. चेहराच बदलला. मी लेव्हांजिल आहे, म्हणाल्या, म्हणजे प्रोटेस्टंट, त्या गोष्टी मी बोलत नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, घरात काम करणाऱ्या बाईला मी सिनेमातलं पात्र करून टाकलं होतं. माफी मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, तुझी सासू मला कधी विचारत नाही, ती फक्त डोकं पुढे करते.

म्हणून परत काही विचारलं नाही. पण गेल्या आठवड्यात त्यांच्या भाचीला मुलगा झाला. आईंचा मागच्या अंगणात कुंडीत कारल्याचा वेल आहे, ह्या वर्षी कारली चारच लागली पण पाला भरमसाट. बाई खिडकीतून बघत होत्या, मग आईंना खुणेने विचारलं. आई काठी टेकत बाहेर गेल्या, स्वतः कात्री घेऊन. मी मधे बोलायला गेले की अहो हे व्होडूच्या, तर बाईच म्हणाल्या, व्होडू नाही गं, पाला आहे.

दोन पिशव्या भरून नेलाय. वेल पार बोडका झालाय, आई म्हणतात येईल परत.

मिठागर

ऑगस्ट संपत आलाय, बॉस्टनच्या थंडीत नाही येणार हो परत. बिया ठेवा.

ओसरी

ठेवल्यात. अर्ध्या त्यांनी मागून घेतल्या.